गेमिंग हेडसेट घ्यायला निघालेल्या घरांना

बारावीचा निकाल लागला, की मुंबईच्या उपनगरांतल्या पुष्कळ घरांत एक मागणी पुढे येते: गेमिंग हेडसेट पाहिजे. मुलगा मोबाईलवर सहा-सात हजारांचा दाखवतो. वडील म्हणतात, "स्टेशनबाहेर पाचशेला मिळतो की!" मग दोन दिवस घरात अबोला. माझं सांगणं दोघांनाही आहे. सहा हजारांची गरज नाही. पाचशेचा घेतला तर वर्षभरात बहुधा पुन्हा पाचशे घालायची पाळी येते. दीड ते अडीच हजारांत साधा, वायरवाला, नीट वापरला तर दोन-तीन वर्षं सहज टिकणारा हेडसेट मिळतो. मात्र हे पैसे आवाजासाठी, माईकसाठी आणि डोक्यावर नीट बसण्यासाठी द्यायचे, लुकलुकणाऱ्या लाईटसाठी नाही, एवढं घरातून निघण्यापूर्वी पक्कं करा.

ही चैन आहे का, असं आई-वडिलांना वाटतं. मला तसं वाटत नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत घर मिळतं ३०० चौरस फुटांचं. आधीच्या इमारतींत २२५ किंवा २६९. चाळीतल्या कित्येक खोल्या त्याहून लहान. तेवढ्या जागेत आजीची मालिका, धाकटीचा अभ्यास, मिक्सर, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप. तिथे स्पीकरवर गोळीबार चालणार नाही. मुलगा खेळणार असेलच, तर हेडसेट ही घरातल्या बाकीच्यांची सोय आहे. म्हणून तो सगळ्यांनी मिळून, विचार करून घ्यावा.

आता खोक्यावर काय छापलेलं असतं ते बघा. सगळ्यांत मोठी अक्षरं '७.१ सराउंड'ची. ग्राहकाला वाटतं, आत सात-आठ स्पीकर असतील. या किमतीच्या हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो; बाकीचा आभास सॉफ्टवेअर तयार करतं. आणि खरं तर दोन पुरतात, कारण आपल्याला कानही दोनच आहेत. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला पोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो, आणि डोकं मध्ये आल्यामुळे तो जरा मंदही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हे मांडून ठेवलं आहे. शत्रूची पावलं जिन्यावरून येताहेत की मागच्या दारातून, हे मुलाला कळतं ते याच हिशेबाने. व्हॅलोरंट या खेळात यासाठी 'एचआरटीएफ' नावाचं सेटिंग आहे, ते साध्या स्टिरिओ हेडसेटसाठीच बनवलेलं आहे. ते चालू केलं की हेडसेटचं ७.१ बंद ठेवायचं, कारण दोन्ही एकावर एक चढले की दिशा उलट गढूळ होते. विंडोज १० आणि ११ मध्ये असाच आभास देणारं 'विंडोज सॉनिक' फुकट मिळतं. मग ७.१ या आकड्यासाठी वेगळे पाचशे-सातशे का मोजायचे?

'५० मिमी ड्रायव्हर'चंही तेच; ड्रायव्हर म्हणजे कानाजवळचा स्पीकर. नीट बनवलेला ४० मिमीचा ड्रायव्हर वाईट बनवलेल्या ५० मिमीच्या पुढे असतो. '२० ते २०,००० हर्ट्झ' ही निरोगी तरुण माणसाच्या ऐकण्याची मर्यादा आहे. ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेली असते आणि तिच्यावरून काहीच ठरत नाही. बासचा मोह मात्र खास टाळा. दुकानदार धमाधम वाजणारं गाणं लावून हेडसेट कानावर ठेवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. खेळात तोच बास स्फोटांना फुगवतो आणि पावलांचा बारीक आवाज झाकतो. पावलं ऐकू येत नाहीत म्हणून मुलगा आवाज वाढवतो, आणि नुकसान तिथून सुरू होतं. कानांचं मी पुढे सविस्तर लिहिलं आहे. हा सगळा लेख त्यासाठीच आहे.

तुम्ही कशावर खेळता, ते दुकानात आधी सांगा. आपल्याकडे बहुतेक मुलं मोबाईलवर बीजीएमआय खेळतात. हल्लीच्या बऱ्याच मोबाईलना गोल पिनची जागाच नसते. तिथे टाइप-सीचा हेडसेट किंवा छोटा कनेक्टर लागेल. गोल पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर माईक आणि आवाज एकाच पिनमधून जातो, मोबाईल आणि बहुतेक लॅपटॉपला ती चालते. जुन्या डेस्कटॉपला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, तिथे एकाचे दोन करणारी वायर लागते. ती खोक्यात आहे का, बघून घ्या. ब्लूटूथवर साध्या हेडसेटचा आवाज सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका मागे पडू शकतो. गाण्याला चालतं, पण खेळात गोळी लागून गेल्यावर आवाज येतो. छोटा डोंगल लावून चालणारे बिनतारी हेडसेट या बाबतीत चांगले, पण त्यातले भरवशाचे आपल्या बजेटच्या बाहेर जातात. तेव्हा वायरवालाच घ्या. चार्जिंगची कटकटही नाही.

माईककडे कोणी लक्ष देत नाही, आणि टीममधली बाकीची चार पोरं त्याचीच शिक्षा भोगतात. आपल्या घरात पंखा चालू, कुकरची शिट्टी, खिडकीबाहेर रिक्षा, रुळांजवळ घर असेल तर लोकल. म्हणून माईक तोंडाजवळ आणता येणारा, दांडीवरचा हवा. वायरवर किंवा कानाजवळ तो बंद करायचं बटण हवंच. ही सोय घरच्यांसाठीही आहे. आई मुलाला काही सांगत असते, ते चार अनोळखी घरांत ऐकू जायला नको. घरात चांगला साधा हेडफोन आधीच असेल, तर नवीन हेडसेट घेऊच नका. कॉलरला लावायचा वायरवाला माईक आणि जोडणीची योग्य वायर घ्या, हजाराच्या आसपास काम होतं. दोन्ही मोबाईललाच लावायचे असतील, तर कोणती वायर चालेल ते दुकानात जोडून बघा. हा पर्याय दुकानदार सहसा सुचवत नाही.

मुंबईची हवा हा वेगळाच मुद्दा. कानावरच्या गाद्या रेक्झिनच्या असतात. जून ते सप्टेंबरची दमट हवा आणि घाम यांनी ते रेक्झिन सोलवटतं आणि काळ्या पापड्या गालाला चिकटतात. कापडी गादी असेल तर उत्तम. नसेल तर ती निघते का आणि वेगळी मिळते का, एवढं विचारा. शंभर-दोनशेची गादी बदलता आली तर अख्खा हेडसेट फेकावा लागत नाही. वजन तीनशे ग्रॅमच्या आत असावं. चष्मा लावणाऱ्या मुलाने चष्म्यासकट दहा मिनिटं घालून बसावं, कानामागे काडी दाबली जाते का ते पहिल्या मिनिटात कळत नाही. दुकानदाराने कुरकुर केली तर दुसरं दुकान गाठा.

आणि दुकानं काय कमी आहेत? बोरिवली-घाटकोपरच्या स्टेशनांभोवती मोबाईल-ॲक्सेसरीजच्या ओळी आहेत, अंधेरीकरांना पार्ल्यातलं इर्ला जवळ आहे, मोठ्या साखळी दुकानांच्या शाखा सगळीकडे आहेत. निवड हवी असेल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. पश्चिम रेल्वेने स्लो गाडीने ग्रँट रोडला उतरा. मुलुंड-घाटकोपरहून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदला. रविवारी जाऊ नका, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात आणि त्यात मेगाब्लॉक. जाताना स्वतःचा मोबाईल किंवा लॅपटॉप न्या. रोज ऐकता ते गाणं हळू आवाजात लावा, कारण मोठ्या आवाजात सगळेच हेडसेट बरे वाटतात. मोबाईलच्या रेकॉर्डरवर माईकमधून चार वाक्यं बोला आणि लगेच ऐका. वायर पिनजवळ हळूच वाकवून बघा, खरखर आली तर खाली ठेवा. डावा-उजवा आवाज आपापल्या बाजूला येतो ना, तेही तपासा.

ऑनलाइन घेत असाल तर '८० टक्के सूट'कडे पाहू नका. छापील किंमत ४,९९९ आणि विक्री ९९९ला, तर ती ९९९चीच वस्तू आहे असं समजा. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते वाचा आणि त्या दिवसांत रोज वापरून बघा, खोकं फाडून फेकू नका.

पक्कं बिल घ्या. "बिल हवं तर जीएसटी जादा पडेल," असं ऐकायला मिळतं. म्हणून भाव विचारतानाच बिलासकट भाव विचारा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. खोक्यावर आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी बंधनकारक आहे. हे काहीच नसेल तर वॉरंटी कोणाकडे मागणार? बिनतारी हेडफोन घेतलाच, तर त्याला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून बघता येतो. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घ्या, आणि सर्व्हिस सेंटर मुंबईत आहे का ते विचारा.

एवढं करूनही फसवणूक झाली तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आपल्या उपनगरातच, विलेपार्ल्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात नोंदवायला शुल्कही लागत नाही. दोन हजारांच्या हेडसेटसाठी कोण एवढं करतं, असं म्हणून आपण सोडून देतो, आणि पुढच्या गिऱ्हाईकालाही तोच माल मिळतो.

आता कान. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या केसांसारख्या बारीक पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, मोठ्यांसाठी ८० डेसिबल ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. म्हणजे मुलासाठी ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला अवघे ५. बीजीएमआय २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना रोज तीन तासांची मर्यादा घातली गेली. ती पुरेपूर वापरली तर आठवड्याचे २१ तास होतात. ८४ डेसिबलवर खेळणाऱ्याचा आठवड्याचा वाटा दुसऱ्याच संध्याकाळी संपतो. २०२४ मध्ये 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात १४ अभ्यासांचा आढावा आला. त्यात गेम खेळणाऱ्यांच्या कानावर पडणारा आवाज बऱ्याचदा या मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे असल्याचं आढळलं.

आपल्या घरांत आवाज वाढतो तो बाहेरचा गोंगाट बुडवण्यासाठी. म्हणून कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडसेट घ्या. बाहेरचं आपोआप कमी होतं आणि कमी आवाजात भागतं. दीड ते अडीच हजार मी मोजायला सांगतो ते मुख्यतः यासाठी. कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' सापडलं तर चालू करा: पावलं वर येतात, स्फोट खाली जातात आणि एकूण आवाज उतरवता येतो. मोबाईलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. पालकांसाठी एक सोपी खूण: मुलाने हेडसेट घातला असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. त्याला ती ऐकू आलीच नाही, तर आवाज जास्त आहे. पण ओरडू नका, जवळ बसून दोघं मिळून तो खाली आणा.

गर्दीच्या लोकलमध्ये हेडसेट लावून खेळू नका, तिथे आवाज वाढवल्याशिवाय काही ऐकूच येत नाही. आणि मुलांनो, प्लॅटफॉर्मच्या कडेने चालताना, रस्ता ओलांडताना तो गळ्यात ठेवा, कानावर नको. रूळ तर ओलांडूच नका.

खेळून उठल्यावर कानात शीळ वाजते, किंवा समोरच्याचं बोलणं कापूस घातल्यासारखं येतं, असं मुलगा म्हणाला तर "झोपलास की बरं वाटेल" म्हणून सोडू नका. काही दिवस हेडसेट बंद ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. घाटकोपर-मुलुंडकरांना राजावाडी रुग्णालय आहे, अंधेरीकडच्यांना कूपर. पालिकेच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. वांद्र्याच्या रेक्लमेशनजवळ १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर काम करणारी. ऐकण्याची तपासणी तिथे होते. ज्यांचं मूल दोन-तीन वर्षं रोज हेडसेट लावतं आहे, त्यांनी तक्रार नसली तरी येत्या सुट्टीत ती एकदा करून घ्यावी.