जुलैतला रंधा

मराठी माणूस शस्त्र सहसा हाती घेत नाही. पण जुलै महिन्यात तो रंधा मागवतो. बाहेर चार दिवस झड लागलेली असते. बाथरूमचं दार चौकटीत रुतून बसतं. घरातला कर्ता पुरुष त्याला खांदा लावतो, लाथ घालतो आणि शेवटी सुताराला फोन करतो. सुतार येतो, दाराची कड सर्रकन तासतो, पैसे खिशात घालून जातो. मग मे महिन्यात त्याच दाराच्या फटीतून आतला माणूस ओळखू येऊ लागतो. या जुलैतल्या रंध्याला माझा जाहीर विरोध आहे.

मी बँकेतला कारकून. शिक्षण बी.कॉम. झाडपाल्याशी संबंध भाजीच्या पिशवीपुरता. पण लाकूड हे बचत खातं आहे, एवढं समजायला कॉमर्स पुरतं. हवेत दमटपणा वाढला की लाकूड पाण्याची ठेव घेतं, हवा कोरडी झाली की ती परत करतं. कोरड्या दिवसांत त्याच्यात वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी असतं. मुंबई-ठाण्याकडच्या पावसाळ्यात ते सोळा-अठरा टक्क्यांवर जातं. लाकूड लांबीला फारसं वाढत नाही, वाढतं ते रुंदीला. फूटभर रुंदीची सागवानी फळीसुद्धा तेवढ्यात तीन-चार मिलिमीटर फुगू शकते. तेव्हा जुलैत दार तासणं म्हणजे खात्यात शिल्लक जास्त दिसली म्हणून पासबुकच कातरणं!

यावर उत्तर ठरलेलं असतं : "अहो, पूर्वीचं सागवान राहिलं नाही आता." कबूल, पण सागवान इतरांपेक्षा कमी फुगतं, अजिबात फुगत नाही असं नाही. आणि पूर्वीच्या लोकांचा भरवसा निव्वळ सागवानावर नव्हता. माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे खांब जमिनीत पुरलेला नसे, दगडी तळखड्यावर उभा असे. छप्पर एवढं पुढे काढलेलं, की पागोळ्या भिंतीपासून चांगल्या हातभर दूर पडाव्यात. पावसाआधी पडवीला झापं बांधली जात. लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल चोपडत; हाताला लागलं तर कातडी सोलवटणारं. लाकडाची काळजी म्हणजे आधी पाण्याची वाट अडवणं, एवढं त्या मंडळींना कळत होतं.

आम्ही काय करतो? पाहुण्यांना दिसेल ती बाजू चकचकीत पॉलिश करतो. दाराची खालची कड कोरी. वरची कड कोरी. कपाटाची पाठ कोरी, आणि ते कपाट ओल्या भिंतीला चिकटवलेलं! वास्तविक लाकूड सगळ्यात अधाशीपणे पाणी पितं ते कापलेल्या टोकांतून. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं. त्यात जुलैतला सुतार तासलेली कड तशीच उघडी टाकून जातो.

आमच्या इमारतीत गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, वय अठ्ठ्याहत्तर, बाथरूममध्ये अडकल्या. दार फुगलेलं. आजींच्या अंगात ते ओढायची ताकद नाही, बाहेरून ढकलणाऱ्यांना आजी दारामागेच असतील ही भीती. चाळीस मिनिटांनी दार निघालं. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवसापासून कडी लावत नाहीत, नातीला बाहेर उभी करतात. सोसायटीच्या सभेत एकमताने ठरलं, की दोष दाराचा. वरच्या मजल्याचा पाइप त्या चौकटीवर दोन वर्षं गळतोय, ही तक्रार त्याच सोसायटीच्या वहीत दोनदा लिहिलेली होती. पण लाकूड बिचारं सभेला हजर नव्हतं, त्यामुळे खर्च त्याच्या नावे पडला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. दार अडकलं तर आधी बिजागरीचे स्क्रू पाहा. बऱ्याचदा दार फुगलेलं नसतं, खाली बसलेलं असतं. मग घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा. चौकट ओली असेल तर गळती शोधा, कारण लाकडातलं पाणी वीस टक्क्यांच्या वर राहिलं की कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं, आणि ओल म्हटली की वाळवीलाही आमंत्रण लागत नाही. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा. ओल्या लाकडावर व्हार्निश मारू नका. भिजल्या अंगावर रेनकोट चढवून माणूस कोरडा होत नाही. दिवाळीनंतरही दार अडकत असेल तर खुशाल तासा, पण तासलेली कड त्याच दिवशी बंद करा.

आणि सुताराला बोलवायचंच, तर एप्रिलमध्ये बोलवा. लाकूड तेव्हा कोरडं असतं. दार बिजागरीवरून उतरवून आडवं ठेवायला सांगा आणि सहाही बाजूंना बेलतेल नाहीतर रंग द्या. सुतार म्हणेल, "साहेब, खालची बाजू कोण बघतंय?" त्याला सांगा, पाणी बघतंय.