दुधाच्या हिशेबात गोऱ्हा कुठे आहे?

मांसाहाराच्या नैतिकतेचा वाद आपल्याकडे ताटातल्या मटणावरून सुरू होतो आणि तिथेच संपतो. शेजारच्या वाटीतल्या दह्याकडे तो वळत नाही. आपल्या दुधासाठी कोणाचा जीव गेलेला नाही, असे शाकाहारी माणूस मनापासून मानतो. आजच्या दूधधंद्याबाबत ही समजूत खरी नाही, आणि तिची किंमत मुकी जनावरे व ती पाळणारी माणसे मोजत आहेत, असे माझे म्हणणे आहे. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही. दूध चालू ठेवायचे तर साधारण वर्ष-सव्वा वर्षाने ती पुन्हा व्यायला हवी. होणाऱ्या वासरांपैकी निम्मी नर असतात. कालवड वाढवली तर उद्या दूध देईल, म्हणून तिला गोठ्यात जागा मिळते. गोऱ्ह्याचे काय होते, हा प्रश्न मात्र शेतकऱ्यावर सोडून आपण चहा पितो.

पूर्वी या प्रश्नाला खरे उत्तर होते, हे आधी मान्य केले पाहिजे. खिलार, डांगी, देवणी या आपल्या गाई पाळल्या जात त्या मुख्यतः बैलासाठी. नांगर, मोट, गाडी, मळणी सगळे त्याच्या खांद्यावर होते. गोऱ्हा झाला की घरात आनंद होई आणि दूध ही वरकड मिळकत असे. पोळा आणि बेंदूर हे सण त्याच व्यवहारातून आले, त्यांतली कृतज्ञता खरी होती. पण तो व्यवहार आता राहिलेला नाही. नांगरणी ट्रॅक्टरने होते आणि दुधासाठी होल्स्टीन-जर्सीच्या संकरित गाई आल्या. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखेच असते, जू मानेवर नीट टिकत नाही, उन्हात तो लवकर दमतो. २०१९च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला. त्यात माद्या १४ कोटी ५१ लाख, म्हणजे नर पावणेपाच कोटींच्या आतबाहेर. जन्माला येतात बरोबरीने आणि उरतात तीन माद्यांमागे एक नर. जे नाहीत त्यांतले काही दुधावाचून ठेवल्याने वाळून मेले, काही बाजारात गेले, काही कत्तलखान्यात. पाच-सहा वेतांनंतर भाकड होणाऱ्या गाईपुढेही हेच प्रश्न असतात, आणि तिचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असू शकते.

महाराष्ट्रात १९७६च्या कायद्याने गाईची हत्या बंद केली, पण शेतीला, पैदाशीला निरुपयोगी झालेले बैल प्रमाणपत्र घेऊन कत्तलीला देता येत होते. १९९५ साली मंजूर झालेली दुरुस्ती २०१५ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीने लागू झाली आणि बैल व वळूही बंदीत आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. हेतू गोवंश वाचवण्याचा होता. पशुगणना काय सांगते? २०१२ मध्ये राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, तो २०१९ मध्ये १ कोटी ३९ लाखांवर आला. मधल्या काळातल्या दुष्काळांचा आणि ट्रॅक्टरचा यात वाटा आहेच. एका आकड्यावर सगळा दोष कायद्याच्या माथी मारणे बरोबर नाही. पण कडक बंदी असलेल्या उत्तर प्रदेशात आणि मध्य प्रदेशातही याच सात वर्षांत संख्या घटली, आणि अशी बंदी नसलेल्या पश्चिम बंगालमध्ये ती पंधरा टक्क्यांनी वाढली, हे नजरेआड कसे करायचे? कारण समजायला अवघड नाही. म्हातारे जनावर विकून नव्या गाईच्या खरेदीला हातभार लागत असे. तो आधार गेला की शेतकरी जनावरच कमी करतो किंवा रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून येतो. त्याच गणनेत देशभर पन्नास लाखांहून अधिक मोकाट गुरे आढळली. उकिरड्यावर प्लास्टिक खाऊन पोट फुगून मरणे सुरीच्या मरणापेक्षा दयाळू आहे, असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की भाकड जनावरही शेण आणि गोमूत्र देते, म्हणून ते निरुपयोगी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये निरुपयोगी बैलांच्या कत्तलीवरील सरसकट बंदी अवाजवी ठरवली होती. २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या खटल्यात ती भूमिका बदलली, आणि त्यात शेणखताच्या उपयुक्ततेला मोठे वजन होते. शेणखताचे मोल मीही मानतो. पण मोठे जनावर रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा आणि वर वैरण खाते, पाणी पिते. शेणातून हा खर्च खरोखर सुटत असता, तर शेतकऱ्याने ते सोडून दिले नसते. तो आपल्या गोठ्याचा हिशेब न्यायालयापेक्षा नीट जाणतो. दुसरे उत्तर गोशाळांचे. राज्याने २०२४ मध्ये देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि नोंदणीकृत गोशाळांना दर गाईमागे रोज पन्नास रुपये देण्याचे ठरवले. त्यात देशी गाय आहे, पण आपल्या पिशवीतले दूध ज्या संकरित गाईंचे आहे, त्या नाहीत. तिसरा उपाय लिंगनिर्धारित रेतनाचा. त्याने दहापैकी नऊ कालवडी होतात आणि तो मला स्वागतार्ह वाटतो, पण प्रत्येक कालवड एक दिवस भाकड होणारच आहे.

म्हशीचे दूध पिणाऱ्यांनाही इथून सुटका नाही. देशातल्या दुधात म्हशीचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगात आघाडीवर आहे. रेडकू आणि आटलेली म्हैस विकली जाते, म्हणून तिच्या दुधाचा धंदा टिकतो. अंड्याचेही तेच: अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्ले उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ते बंद केले आणि खर्च अंडे खाणाऱ्याच्या खिशावर टाकला.

आपण हा खर्च नेहमी दुसऱ्यावर टाकत आलो. दूध वरच्या वाड्यात जाई आणि मेलेले ढोर ओढण्याचे काम महारांवर लादले जाई. ते सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितले. २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना फटके मारण्यात आले. २०२५ मध्ये कुरेशी व्यापाऱ्यांनी रस्त्यावरच्या छळाला कंटाळून महाराष्ट्रात खरेदी थांबवली, तेव्हा आठवडी बाजारात जनावर घेऊन उभा राहिलेला शेतकरी तसाच परत गेला. गाईचे पावित्र्य एकाच्या घरात आणि तिचे मरण दुसऱ्याच्या हातात, ही वाटणी मला मांस खाण्यापेक्षा अधिक अनैतिक वाटते.

मग दूधच सोडावे का? व्हीगन माणसाची भूमिका या सगळ्यांत सर्वांत सुसंगत आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. गांधीजींनी गाई-म्हशींवरचे अत्याचार कळल्यावर १९१२ मध्ये दूध सोडले होते, आणि पुढे आजारपणात शेळीचे दूध घेतले त्याची बोच स्वतःच लिहून ठेवली. पण ज्या घरात डाळच जेमतेम परवडते, तिथल्या मुलाला दूध-अंडे सोडायला सांगण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्यांना नाही. मांस खाणाऱ्यांनीही यातून स्वतःला निर्दोष ठरवू नये. कोंबडीच्या पिंजऱ्याचा आणि वाहतुकीत होणाऱ्या हालांचा जाब त्यांना द्यावाच लागेल.

ज्यांना दूध हवे आहे, त्यांच्यापुढे मला दोनच प्रामाणिक मार्ग दिसतात. गोऱ्हा आणि भाकड गाय मरेपर्यंत पोसायची असेल, तर तो खर्च दुधाच्या भावात धरा आणि पाचपन्नास रुपये जास्त द्यायची तयारी ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपयांच्या सरकारी अनुदानावर ज्याला तगावे लागले, त्या उत्पादकाच्या खिशातून तो निघणार नाही. ते परवडत नसेल, तर १९७६च्या कायद्यातली प्रमाणपत्राची तरतूद परत आणा आणि कत्तलखाने स्वच्छ, देखरेखीखाली, कमीत कमी वेदना देणारे करा. मला दुसरा मार्ग अधिक शक्य वाटतो, कारण पहिल्यासाठी लागणारे पैसे द्यायला शहरातला ग्राहक आजवर तयार झालेला नाही. ज्यांना दुसरा मार्ग मान्य नाही, त्यांनी विधिमंडळाकडे गोवंशासाठी आणखी एक घोषणा मागण्याआधी दुधाच्या प्रत्येक लिटरवर गोऱ्ह्याच्या चाऱ्याचा अधिभार मागावा, आणि तो स्वतः भरावा.