चाक कुणाच्या नावावर?

संक्रांतीची सुगडं, दिवाळीच्या पणत्या, उन्हाळ्यातले माठ. या सगळ्यामागे निम्मे हात बाईचे असतात. माती डोक्यावरून आणायची, खडे वेचायचे, लीद-राख मिसळून तुडवायची, मडकी वाळवायची, भट्टीसाठी गोवऱ्या-पेंढा जमवायचा आणि शेवटी पाटी घेऊन बाजारात बसायचं. एवढं करून चाकाला मात्र तिने हात लावायचा नाही, ही रीत कितीतरी कुंभारवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मग कुंभार कोण? चाकावर बसतो तो. गावकीत बलुतंही त्याच्याच नावाने. ती फक्त कुंभाराची बायको.

बाईला हे काम झेपत नाही, असं कुणी सांगू नये. मणिपूरमधल्या आंद्रो गावात चाकाशिवाय मडकी घडवण्याची कला बायकांचीच आहे. नायजेरियातली लादी क्वाली हातांनीच मोठाले रांजण उभे करायची. १९५४ साली ती आबुजाच्या कुंभारकाम प्रशिक्षण केंद्रात दाखल झाली आणि चाकही शिकली. आज तिच्या देशाच्या २० नायरांच्या नोटेवर तिचं चित्र आहे. म्हणजे अडचण बाईच्या हातांत नाही, चाकाच्या मालकीत आहे.

ही मालकी आता सरकारी कागदावरही पक्की होऊ पाहते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. पण नोंदणी कुटुंबातल्या एकाच व्यक्तीची. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नियमात ‘पुरुष’ असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. घरातून एकच नाव द्यायचं तर ते कुणाचं जातं, हे सात-बाराच्या उताऱ्याने आपल्याला केव्हाच शिकवलं आहे.

म्हणूनच मला सामुदायिक कुंभारशाळेचं मोल वाटतं. आपल्या पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर, तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरचं काम आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने शाळा, दवाखाना आणि तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग उभे केले. अशा ठिकाणचं चाक कुणा नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं नसतं. तिथे कातकरी मुलगी, शेतमजूर बाई, कुंभाराघरची सून, कुणीही शिकू शकते. घरात जे मागायला तोंड उघडत नाही, ते इथे मागता येतं.

अशा केंद्रांचं कौतुक मात्र वेगळ्याच कारणाने होतं: पणत्या विकून संस्थांना हातभार लागतो, शाळांच्या मुलांना मातीत खेळायला मिळतं. छानच आहे. पण संस्थेला मदत होते तेव्हा माती मळणारीला मजुरी मिळते का? की तिचं काम ‘सेवा’ म्हणून मोजायचंच राहतं? हा प्रश्न कुणा एका संस्थेला नाही. आपल्या बचत गटांच्या विक्रीलाही तो लागू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या भागात तीन गोष्टी धरून बसू या. एक, जिथे सामुदायिक चाक आहे तिथे बायकांची नावं हजेरीपटावर हवीत आणि माती तयार करण्याचीही मजुरी ठरलेली हवी. दोन, शाळेने मातीकाम शिकवलं तर मुलींना नक्षी आणि रंगकामावर न बसवता चाकावर बसवावं. तीन, विश्वकर्माच्या अर्जांची पहिली छाननी ग्रामपंचायतीत होते. तिथे आपण हजर राहावं आणि एका घरात एकच नाव ही अट बदलावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा.

येत्या संक्रांतीला घाऊक सुगडं घ्यायला जाल तेव्हा भाव विचारण्याआधी विचारा, चाकावर कोण बसलं होतं आणि पैसे कुणाच्या हातात जाणार आहेत.