पाहण्याचा संस्कार

चित्रपट म्हणजे घटकाभर करमणूक, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची नव्हे. पण अपुरी मात्र खास आहे. ग्रंथांच्या जगात कथा, काव्य, चरित्र, प्रवासवर्णन असे नाना प्रकार असतात. चित्रपटांचेही तसेच आहे. प्रत्यक्ष जीवन दाखवणारा अनुबोधपट, नवी वाट चोखाळणारा प्रयोगपट आणि काळाच्या कसोटीला उतरलेला अभिजात चित्रपट, या तिन्हींची ओळख झाल्यावाचून रसिकाचे शिक्षण पुरे होत नाही.

यावर आक्षेप घेणारेही आहेत. अनुबोधपट रूक्ष असतो, प्रयोगपट कळत नाही आणि जुना चित्रपट संथ वाटतो, असे ते म्हणतात. हे आक्षेप एकेक करून पारखून पाहावेत.

रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा अनुबोधपट १९२२ साली प्रदर्शित झाला. कॅनडाच्या बर्फाळ उत्तरेत राहणाऱ्या इन्युइट लोकांचे जीवन त्यात आहे. बर्फाचे ठोकळे कापून घर उभारणारा नानूक पाहताना रूक्षपणाची आठवणही होत नाही. मात्र आतील दृश्यांसाठी उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे असे खास घर बांधले होते. बंदूक परिचयाची असूनही शिकारीत जुनी हत्यारे दाखवली होती. हे कळले म्हणजे प्रेक्षक नुसती माहिती घेत नाही. पडद्यावर दिसते ते जसेच्या तसे खरे का, असे विचारण्यास तो शिकतो.

प्रयोगपट कळत नाही, हा दुसरा आक्षेप. नॉर्मन मॅक्लॅरन यांच्या १९५२ सालच्या ‘नेबर्स’ या छोट्याशा चित्रपटात एकही संवाद नाही. दोन शेजाऱ्यांच्या हद्दीवर एक फूल उमलते आणि त्याच्या मालकीवरून दोघे एकमेकांच्या जिवावर उठतात. जिवंत माणसांची एकेक स्थिती टिपून ती चित्रे जोडल्यामुळे त्यांच्या हालचाली बाहुल्यांसारख्या विलक्षण दिसतात. तंत्र अनोळखी असले, तरी कलहाचा शेवट काय होतो हे लहान मुलालाही समजते. भारतात प्रमोद पती यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेल्या ‘आबिद’ या १९७२ सालच्या चित्रपटात हेच तंत्र योजले.

आता संथपणाविषयी. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली पडद्यावर आला व पुढल्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विठ्ठलनामात रंगलेले तुकोबा आणि संसाराच्या ओढाताणीने त्रासून विठोबालाच जाब विचारणारी जिजाई, या दोघांचीही बाजू प्रेक्षकाला पटते. मनात इतके खोल उतरण्यास वेळ हा लागतोच. घाई करणाऱ्यास तो संथपणा वाटतो, एवढेच.

नानाविध चित्रपट पाहण्याने काय साधते, हे बंगालमध्ये दिसून आले. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदी तरुणांनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली आणि देशोदेशीचे चित्रपट पाहून त्यांवर चर्चा चालवली. त्याच राय यांनी १९५५ साली ‘पथेर पांचाली’ जगापुढे ठेवला.

आवडीनिवडीचा हा प्रश्न केवळ व्यक्तीपुरता नाही. ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट १९३१ साली झळकला, त्या वेळी लोकांची झुंबड उडाली. परंतु आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुन्या फिती जपण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर कित्येक मूकपट व बोलपट कायमचे नष्ट झाले होते. काय जतन करावे, हे अखेर लोकांना कशाची किंमत वाटते यावर ठरते. ज्या चित्रपटाला प्रेक्षक उरत नाही, त्याला रक्षकही मिळत नाही.

म्हणून शाळांनी वर्षाकाठी या तिन्ही प्रकारांतील निदान एकेक चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावा आणि नंतर त्यांना मोकळेपणाने बोलू द्यावे. एखादा चित्रपट आवडला नाही, तरी बिघडत नाही. का आवडला नाही, हे सांगता आले की डोळस प्रेक्षक घडू लागतो. पूर्वजांनी मागे ठेवलेला हा ठेवा असेच प्रेक्षक सांभाळतील.