उरलेल्या मेणाचा जमाखर्च

दिवाळीपूर्वी कपाटे आवरताना मागील वर्षीच्या मेणबत्त्यांची थोटके, तुटके मेणखडू, हस्तकलेतून उरलेली सुती दोरी असा ऐवज हाती येतो. तो टाकून देण्यापूर्वी मुलांकडून त्याच्या नव्या मेणबत्त्या करून घेता येतात. मात्र जैन घरात या उद्योगाचा आरंभ चुलीपाशी नव्हे, चौकशीने व्हावा.

‘मेण’ हा शब्द मुळात मधाच्या पोळ्यातील मेणाचा. ज्या घरात मध वर्ज्य, तेथे ते मेण कसे चालावे? बाजारातील साधी मेणबत्ती बहुधा पॅराफिनची, म्हणजे खनिज तेलातून निघालेल्या मेणाची असते. परंतु ती कडक व्हावी म्हणून तीत पुष्कळदा स्टिअरिक आम्ल मिसळतात. हे आम्ल पाम तेलापासून निघते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही. नवे मेण घेताना विक्रेत्यास हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि तो मुलाने विचारावा. व्यापारी घरातील मुलाला मालाचे मूळ विचारण्याची सवय हवीच. थोटकांचे मूळ आता कळणे नाही. ज्यांना शंका खटकते त्यांनी ती बाजूला ठेवावीत. पण नव्या खरेदीने मागणी वाढते, जुन्या थोटकाने वाढत नाही, हा फरकही ध्यानात घ्यावा.

मापाचे काम मुलांचे. स्टीलच्या वाटीत 100 मिलिलिटर पाणी मावत असेल, तर सुमारे 90 ग्रॅम मेण लागते. वाटी नंतर कोरडी पुसावी. वितळवणे मात्र मोठ्यांनीच करावे: पातेल्यात पाणी, त्यात मेणाचे लहान भांडे, आच मंद. थेट आचेवर मेण ठेवू नये. ते पेटलेच, तर पाणी कदापि टाकू नये. गॅस बंद करून झाकण घालावे. रंगासाठी मेणखडूचा वाटाण्याएवढा तुकडा पुरे. अधिक झाल्यास रंग वातीत अडकून ज्योत मंदावते. वात सुतीच हवी, नायलॉनची नको. मेण थिजताना वातीभोवती खळगा पडतो, त्यासाठी थोडे मेण राखून ठेवावे. खरकटे मेण मोरीत न ओतता भांडे कोमट असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावे.

महावीरांच्या निर्वाणरात्री काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी, ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून दीप उजळले, असे कल्पसूत्र सांगते. परंतु अग्नी हाही तेजस्काय जीव, आणि ज्योतीवर झेपावणारा पतंगही जीवच. दिवाळीत चातुर्मास संपलेला नसतो, कीटकही पुष्कळ असतात. म्हणून ओळीने वीस मेणबत्त्या लावण्यापेक्षा एकच, बारीक जाळीच्या कंदिलात, घटकाभर लावावी. जयणा म्हणतात ती हीच.

काही घरांत आजी ती लावूच देणार नाहीत. तेव्हा मुले ती शेजारी भेट द्यायला निघतील आणि मग विचारतील, की तेथे कोणी पेटवली तर? हा प्रश्न टाळू नये. करणे, करविणे आणि अनुमोदणे यांतील भेद पाठशाळेत मुलांनी पाठ केलेला असतो. तो हातातल्या वस्तूवर लावून पाहण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते.