बाप, मुलगा आणि पीतांबर

मंडळी, दोन महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघा-तिघांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. मी सी प्लस प्लस शिकत होतो.

हसू नका. नागपूर विद्यापीठाचा मराठी माध्यमाचा बी.ए., हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर हे काय खूळ, असं घरच्यांनीही विचारून झालं. खूळ माझं नाही. आमगावात आमच्या गल्लीतच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर आहे. त्याची मुलगी जवळच्याच एका कॉलेजात संगणकाची पदवी करते. एके संध्याकाळी बाप-लेक दोघं अंगणात येऊन उभे राहिले. पोरीचे डोळे सुजलेले. बाप म्हणाला, "गुरुजी, प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली. हिला जमत नसेल तर राहू द्यावं म्हणतो. स्थळं येतच आहेत."

मी पोरीला आत बसवलं आणि विचारलं, की नेमकं काय चुकलं? तिने सांगितलं ते ऐकून मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून आज जरा भांडणार आहे.

तोंडी परीक्षेत तिला प्रश्न होता इनहेरिटन्सचा. एका वर्गावरून दुसरा वर्ग बनवला, तर वस्तू तयार होताना कोणाचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो? तिने सांगितलं, आधी मूळ वर्गाचा, मग साधित वर्गाचा. बरोबर. मग विचारलं, वस्तू नष्ट होताना कोणाचा डिस्ट्रक्टर आधी चालतो? ती म्हणाली, मूळ वर्गाचा. चूक! समोरचे हसले. पुढचे दोन प्रश्न तिला ऐकूच आले नाहीत.

आता ती असं का म्हणाली? तिच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून दिलेलं आहे : 'इनहेरिटन्स म्हणजे वारसा. बापाची संपत्ती जशी मुलाला मिळते, तसे मूळ वर्गाचे गुण साधित वर्गाला मिळतात.' पोरीने त्या उदाहरणावर विश्वास ठेवला. बाप आधी जन्मतो, मग मुलगा. बाप आधी जातो, मग मुलगा. म्हणून डिस्ट्रक्टरही बापाचा आधी! यात तिचं काय चुकलं सांगा? दिलेल्या उदाहरणावरून नीट विचार करून उत्तर काढणारी त्या वर्गात बहुधा ती एकटीच असेल. बाकीच्यांनी 'उलट क्रम' एवढे दोन शब्द पाठ केले आणि पास झाले.

हे बाप-मुलाचं उदाहरण केवळ त्या कॉलेजातलं नाही. गेल्या दोन महिन्यांत मी जी जी पुस्तकं, गाइडं आणि व्हिडिओ पाहिले त्यांतल्या बहुतेकांत ते आहे. आणि ते साफ खोटं आहे.

आमच्या भागात वारसा म्हणजे काय हे कोणाही शेतकऱ्याला विचारा. बाप गेला, तलाठ्याकडे वारस नोंद झाली, फेरफार निघाला, पाच एकराचे अडीच-अडीच झाले. एकाला मिळालं तेवढं दुसऱ्याचं कमी झालं, आणि मूळ मालकाकडे काहीच उरलं नाही. प्रोग्रॅममध्ये यातलं काही होतं का? मूळ वर्गावरून दहा साधित वर्ग काढा, मूळ वर्गातलं कणभर कमी होत नाही. कोणाला वाटणी नाही, कोणी मरत नाही. शिवाय प्रत्येक पुस्तकात बाप आणि मुलगाच. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि सगळ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीलाही वडिलार्जित मिळकतीत जन्मतः वाटा आहे; पण आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करून माहेर राखतात. त्या पोरीने मला सरळ विचारलं, "गुरुजी, यात मुलगी कुठेच कशी नाही?" मी काय उत्तर देणार!

आणखी एक. साधित वर्गाची वस्तू मूळ वर्गाच्या जागी चालली पाहिजे, हा या सगळ्या प्रकाराचा कणा आहे. बार्बरा लिस्कोव्ह या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये एका भाषणात तो मांडला, पुढे त्यांना २००८ चं ट्युरिंग पारितोषिकही मिळालं. सोपी कसोटी अशी, की 'अमुक हा एक तमुक आहे' हे वाक्य खरं ठरतं का पाहा. 'विद्यार्थी ही एक व्यक्ती आहे' : खरं. 'मुलगा हा एक बाप आहे' : ? बँकेत बापाच्या सहीच्या जागी मुलाने सही करून पाहावी, कॅशियर काय म्हणतो ते कळेल. म्हणजे ज्या उदाहरणाने विषय समजावायचा, ते त्या विषयाच्या पहिल्याच कसोटीला उतरत नाही.

मी हे एका तरुण मास्तरांपुढे बोललो तर ते म्हणाले, "सर, उदाहरण समजावण्यापुरतंच असतं, फार ताणायचं नसतं." अहो, मी तीसेक वर्षं फळ्यापुढे उभा राहिलो आहे. हुशार पोर उदाहरण ताणूनच पाहतं. एक पाऊल पुढे टाकताच जे तुटतं ते कसलं उदाहरण?

मग खरं काय आहे? मला समजलं ते सांगतो, चुकलं तर माझा पुण्याचा मुलगा कान धरायला आहेच.

आमच्याकडे दिवाळीनंतर आधारभूत केंद्रावर धान घालायची घाई असते, म्हणून पावतीचंच उदाहरण घेऊ. वर्ग म्हणजे पावतीचा नमुना, वस्तू म्हणजे फाडून हातात दिलेली पावती. ज्या पावतीवर क्रमांक नाही, तारीख नाही, तो नुसता कागद. कन्स्ट्रक्टरचं काम एवढंच, की वस्तू जगात येताना अर्धवट येऊ नये. क्रमांक आणि तारीख दिल्याशिवाय पावती जन्मालाच येणार नाही, असा पहारा तो बसवतो. आता 'धान खरेदीची पावती' हा साधित वर्ग. तीही एक पावतीच, फक्त तिच्यावर कट्टे किती आणि वजन किती हे जास्तीचं. तिच्या कन्स्ट्रक्टरने कट्टे आणि वजन भरावं. पण क्रमांक आणि तारीख भरायचं काम मूळ पावतीच्या कन्स्ट्रक्टरचं, आणि ते आधी व्हायला हवं. मूळ कन्स्ट्रक्टर क्रमांक मागत असेल आणि आपण तो वरच्या वर पोचवला नाही, तर कंपायलर तिथेच अडवतो. पोरीच्या वहीत याच चुकीवर लाल रेघ होती आणि शेजारी शेरा, 'पाठ करा'. काय पाठ करा?

हा कन्स्ट्रक्टर वारशाने मिळत नाही, हेही त्या बाप-मुलाच्या गोष्टीत बसत नाही. बाकी बहुतेक सगळं खाली येतं, तो आपोआप येत नाही. २०११ च्या मानकापासून 'यूझिंग' असं लिहून तो मागून घेता येतो, पण मागावा लागतो. कारण उघड आहे. मूळ कन्स्ट्रक्टरला कट्टे आणि वजन ठाऊकच नाहीत, तो पूर्ण पावती कशी करणार?

क्रमाचं म्हणाल तर ज्याने कवेलूचं घर बांधताना पाहिलं आहे त्याला पाठ करावं लागणार नाही. आधी जोतं, मग भिंती, मग आढं-वासे, शेवटी कवेलू. उतरवताना? आधी कवेलू. जोतं आधी उकरायला घेणारा माणूस मी आमगावात तरी पाहिलेला नाही. हे पोरीला सांगितलं आणि ती दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे वरचं खालच्यावर टेकलेलं असतं म्हणून." बस्स. वर्षभर जे शिकवता आलं नाही ते एवढंच होतं.

तिनेच पुढचा प्रश्न काढला, की जोतं बांधत असतानाच कोणी कवेलूवर चढायला सांगितलं तर? मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, फार चांगला प्रश्न आहे, मुलाखतीत विचारतात. मूळ कन्स्ट्रक्टर चालू असताना साधित वर्गाने बदलून लिहिलेलं काम सांगितलं, तर सी प्लस प्लस ते करूच देत नाही, मूळ वर्गाचंच काम चालवतं. जावा मात्र चढू देते, आणि तिथे अजून काही भरलेलं नसल्यामुळे पाय घसरतो. नापास झालेल्या पोरीने हा प्रश्न स्वतः काढला, हे इथे ठळक लिहून ठेवतो.

आता माझ्या मुख्य भांडणाकडे येतो.

या पोरीने बारावीला संगणकशास्त्र हा दोनशे गुणांचा द्विलक्षी विषय घेतला आणि त्या बदल्यात तिची मराठी सुटली. नियमानेच सुटली, तक्रार नाही. २०२० च्या कायद्याने शाळांत मराठी सक्तीची केली ती पहिली ते दहावी. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आम्ही पेढे वाटले. पण जिथे मराठी सोडली तिथेच तिची गरज होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी भावनेने बोलत नाही, व्याकरणाने बोलतो आहे.

दहावीला समास शिकवतात. नीलकमल : निळं असं जे कमळ. कर्मधारय. नीलकमल हे एक कमळच आहे. आता नीलकंठ. निळा आहे कंठ ज्याचा तो. बहुव्रीही. शंकर हा काही एक प्रकारचा कंठ नव्हे, त्याला कंठ आहे. गजानन हे एक प्रकारचं तोंड नव्हे. संगणकवाल्यांची जी 'आहे' आणि 'जवळ आहे' ही कसोटी, जिच्यावर इनहेरिटन्स करावा की एक वस्तू दुसरीच्या पोटात ठेवावी हे ठरतं, ती हीच. आणि पीतांबर तर दोन्हीकडे चालतं! पिवळं वस्त्र म्हटलं तर कर्मधारय, ते नेसणारा विष्णू म्हटलं तर बहुव्रीही. अक्षरं तीच, नातं वेगळं. नातं कोणतं हे शब्दाकडे पाहून कळत नाही, तो कशाला उद्देशून आहे ते पाहावं लागतं.

हे पोरीला येत होतं हो! दहावीला समासात तिला पैकीच्या पैकी गुण होते. तिला आधीच येत असलेली गोष्ट तिला कोणी वापरू दिली नाही, आणि वर ती 'ढ' ठरली.

आणि ज्यांनी हा प्रकार शोधला ते तरी वारसा म्हणत होते का? नॉर्वेच्या ओस्लो शहरात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी 'सिम्युला ६७' ही भाषा केली, तिथे वर्ग आणि उपवर्ग पहिल्यांदा आले. नव्या वर्गाच्या नावाआधी जुन्याचं नाव लिहायचं, आणि त्याला ते म्हणत प्रीफिक्स. म्हणजे आपला उपसर्ग! वस्तू तयार होताना उपसर्गाच्या मजकुराने सुरुवात. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, या वयात असं क्वचित होतं. पुढे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल प्रयोगशाळेत जी भाषा घडवली आणि १९८३ मध्ये जिचं नाव सी प्लस प्लस झालं, तिच्यात त्यांनी बेस आणि डिराइव्ह्ड असे शब्द घेतले. दुसऱ्याला आपल्या व्याकरणात साधित म्हणतात. त्यातही बाप नाही.

लगेच कोणी म्हणेल, गुरुजींना कन्स्ट्रक्टरला रचयिता म्हणायचं आहे. मुळीच नाही. कन्स्ट्रक्टर म्हणा, क्लास म्हणा, माझी हरकत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला परवानगी दिली, आनंद आहे. पण तिथेही बाप-मुलगाच अनुवादून येणार असतील तर ती इंग्रजी पुस्तकं बरी. शब्द कुठलेही असोत, विचार पोरांच्या डोक्यात आधीपासून आहे त्याच्याशी जोडा, एवढंच मागणं आहे.

अजून एक गंमत सांगून थांबतो. इनहेरिटन्सचे पाच प्रकार आकृत्यांसह लिहा, हा हमखास गुणांचा प्रश्न. पाच चौकोन, पाच बाण, झालं. इनहेरिटन्स कधी करू नये, हा प्रश्न मात्र मला एकाही प्रश्नसंचात सापडला नाही. आणि त्या धंद्यातली माणसं १९९४ पासून तेच सांगत आहेत. 'डिझाइन पॅटर्न्स' नावाच्या चौघांच्या पुस्तकातला सल्ला माझ्या भाषेत असा, की बहुव्रीहीने भागत असेल तर कर्मधारयाच्या मागे लागू नका. २००९ मध्ये आलेल्या 'गो' भाषेत तर वर्गांचा इनहेरिटन्सच नाही. आपली पोरं मात्र चौकोन काढत आहेत.

असो. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बापाने स्थळं तूर्त थांबवली आहेत, परीक्षेपर्यंत. रोज संध्याकाळी ती येते, दिवे गेले तर आम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहितो. काल तिने ट्रॅक्टर आणि इंजिन असे दोन वर्ग काढले आणि विचारलं, "गुरुजी, ट्रॅक्टर इंजिनवरून साधायचा का?" मी काही बोलायच्या आत तिनेच खोडलं, ट्रॅक्टरच्या पोटात इंजिनाची एक ओळ लिहिली, आणि समासात लिहून टाकलं : नीलकंठ.