निमाडातील हीटर

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कुक्षीच्या पलीकडे डही हे गाव आहे. वैशाखात तेथे मोटारीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा गावच्या मोटारीतील हीटरविषयी लिहावे, हा वाचकांना विनोद वाटेल. आमच्या भाऊजींनाही तो विनोदच वाटत असे. त्यांच्या जुन्या, लहान मोटारीत हीटरची दांडी वर्षानुवर्षे हललेली नव्हती. मात्र एंजिनाच्या मागे, हीटरच्या नळीवर बसविलेल्या प्लॅस्टिकच्या कॉकाभोवती हिरवट पांढरे डाग पडले होते आणि रोज सकाळी रेडिएटरला तांब्याभर पाणी पाजावे लागे. “म्हातारपणी तहान लागायचीच,” असे म्हणून भाऊजींनी तो विषय मिटविला होता.

गेल्या पौषात ताईच्या मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही धारला निघालो. बाघ मागे टाकून चढण लागली, तसा तापमानाचा काटा वर गेला आणि थोड्याच वेळात, नवल म्हणजे, खाली आला. भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र गाडी तत्काळ थांबवावयास लावली. काटा पाण्याची उष्णता दाखवितो. त्याच्यापाशी पाणीच उरले नाही, तर तो दाखविणार काय? तसेच पुढे गेलो असतो, तर एंजिनाचे हेड वाकून सारा खर्च मोटारीच्या किमतीपलीकडे गेला असता.

बॉनेट उघडले. कॉक मधोमध दुभंगला होता. भाऊजी हातात फडके घेऊन रेडिएटरचे झाकण काढावयास सरसावले, तेव्हा मी त्यांचा हातच धरला. झाकणाखाली दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर गेलेले पाणीही तेथे उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येते. पाऊण तास आम्ही रस्त्याकडेला बसून काढला. वाटेने जाणाऱ्या एका ट्रकच्या क्लीनरने आपल्या पेटीतून नळीचा तुकडा व दोन क्लिपा काढून दिल्या. कॉक काढून हीटरकडे जाणारी आणि तिकडून येणारी अशा दोन्ही नळ्या त्याने एकमेकींना जोडल्या, पाणी भरले आणि म्हणाला, “निमाड़ में हीटर का क्या काम, बाबूजी? ऐसे ही रहने दो।”

धारपर्यंत पोहोचण्यापुरता त्याचा उपाय उत्तम होता. आमच्या भागात अनेक जुन्या गाड्या असाच जोड घेऊन आयुष्य काढतात. परंतु दुसऱ्या दिवशी परतताना पहाटेच्या धुक्यात समोरची काच आतून आंधळी झाली. ताईच्या डोळ्यावर पट्टी, आणि भाऊजी एका हाताने काच पुशीत घाट उतरत आहेत! हीटरची कोरडी, उष्ण हवा काचेवर सोडली असती, तर ती लगेच निवळली असती. शिवाय एंजिन तापू लागले, पण पाणी शाबूत असले, तर हीटर व त्याचा पंखा पूर्ण सोडावा. तो छोट्या दुसऱ्या रेडिएटरचेच काम करतो.

डहीस पोहोचताच भाऊजींनी स्वतःच नवा कॉक आणण्याचे काढले. जुना कॉक नमुन्यादाखल दुकानी न्यावा, कारण काही दोन तोंडांचे, तर काही चार तोंडांचे असतात. अंगावर बाण असल्यास तो पाण्याच्या वाहत्या दिशेकडे ठेवावा. एंजिन पूर्ण थंड असावे. घट्ट चिकटलेली नळी हिसकू नये. हीटरची तोंडे नाजूक असतात, ती मोडली तर दोनशेच्या कामाचे दोन हजार होतात. नळी उभी चिरून काढावी आणि नवीच घालावी. क्लिपाही नव्याच घ्याव्यात. खाली ठेवलेल्या परातीतील कूलंट मात्र गटारात ओतू नये. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. अंगणातले वासरू वा कुत्रे त्याला सहज फसते.

भरताना कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घेतले. कूपनलिकेचे जड पाणी आत खपल्या धरते. हीटरची दांडी पूर्ण उष्णतेकडे ठेवून, झाकण उघडे असतानाच थंड एंजिन सुरू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे भरीत गेलो. दांडी बंद ठेवून भरले, तर हीटरमध्ये हवा अडकून राहते, आणि तीच पुढे घात करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहिली. अर्धा पेला कमी भरला.

कॉक जागीच अडकू नये म्हणून दांडी महिन्यातून एकदा इकडून तिकडे फिरवावी, असे मी निघताना सुचविले होते. भाऊजी ते आता व्रतासारखे पाळतात. परवा ताईचा फोन आला होता. डोळा छान झाला आहे; तक्रार एवढीच, की भर ज्येष्ठात बाजाराला जाताना हे गृहस्थ हीटर लावतात.